आयत, दफ्तर आणि यंत्राची समज

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला येथे बोलावून जो मान दिलात त्याबद्दल मी आभारी आहे. सेक्रेटरी साहेबांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "भाषाशास्त्रातील चिन्हाचा सिद्धांत आणि भाषा समजणारे संगणक." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, पालक उठून जाणार नाहीत एवढे मात्र पाहा." तेव्हा सिद्धांत थोडा बाजूला ठेवतो आणि आपल्या घरातल्या मुलापासून सुरुवात करतो.

आपले मूल सकाळी मकतबमध्ये जाते. तेथे मौलवी साहेब म्हणतात, "ही आयत पुन्हा म्हण." मूल म्हणते. तेच मूल अकरा वाजता शाळेत येते आणि गणिताचे गुरुजी म्हणतात, "वहीत एक आयत काढ." मूल पट्टी घेऊन चार रेघा ओढते. मकतबमध्ये पट्टी काढणारे किंवा भूमितीच्या तासाला तिलावत सुरू करणारे मूल मी अद्याप पाहिलेले नाही. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एक अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थच खूण, निशाणी असा आहे. दुसरा संस्कृतातून आला, त्याचा अर्थ लांबट, पसरलेला. कागदावर मात्र दोघांची अक्षरे तीच, आ-य-त. मुलाला जे कोणी न शिकवता कळते ते यंत्राला कसे कळावे, हा माझा आजचा विषय आहे. यंत्रासमोर फक्त ती तीन अक्षरे असतात. मकतब नसते, गुरुजी नसतात, सकाळ नसते आणि अकराही वाजलेले नसतात.

शब्द आणि अर्थ यांचे नाते काय, याचा आधुनिक काळातील सर्वांत प्रभावी विचार फर्डिनांद द सोस्यूर या जिनिव्हाच्या प्राध्यापकाने केला. १८५७ साली जन्मलेला हा गृहस्थ संस्कृतचा पंडित होता. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंधही संस्कृतमधील षष्ठी विभक्तीच्या एका विशिष्ट प्रयोगावर आहे. १९०७ ते १९११ या काळात त्याने सामान्य भाषाशास्त्रावर तीन व्याख्यानमाला दिल्या, पण त्यांचे पुस्तक केले नाही. १९१३ साली तो वारला. त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गात घेतलेल्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी १९१६ साली ते पुस्तक तयार केले. वर्गात टिपणे न घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी!

सोस्यूरचे म्हणणे असे की, शब्द म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. भाषेतील प्रत्येक खूण दुपदरी असते. एक पदर ध्वनीचा, त्याला आपण चिन्हक म्हणू. दुसरा कल्पनेचा, तो चिन्हित. या दोहोंत कोणतेही नैसर्गिक नाते नाही. झाडाला झाडच म्हणावे असे झाडात काहीही नाही. समाजाने तसे ठरवले आणि आपण ते मानले, इतकेच. दुसरे असे की, खुणेची किंमत तिच्या शेजारच्या खुणांमुळे ठरते. बुद्धिबळ खेळताना घोडा हरवला तर त्या जागी चिंचोका ठेवूनही खेळ चालतो. कारण घोडा म्हणजे लाकडाचा तुकडा नसून इतर मोहऱ्यांच्या तुलनेत त्याला असलेली चाल होय. बुद्धिबळाचा दाखला सोस्यूरचाच आहे, चिंचोका माझा.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी मदरशात मंतिक म्हणजे तर्कशास्त्र वाचले असेल, त्यांना हे ओळखीचे वाटले असेल. ईसागोजी असो वा फज्ले इमाम खैराबादींची मिरकात असो, त्यांत आरंभीच 'दलालत'चा पाठ येतो. एका गोष्टीच्या ज्ञानावरून दुसरीचे ज्ञान होणे म्हणजे दलालत. दाखवणारी गोष्ट ती दाल आणि दाखवली जाणारी ती मदलूल. (आपल्या मराठीतला दलालही याच धातूतून आला. गिऱ्हाइकाला माल दाखवणारा तो दलाल.) दलालतचे तीन प्रकार विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतात. धूर दिसला की विस्तव आहे हे कळते, ती अकली, म्हणजे बुद्धीने जाणलेली. कोणी खोकत 'उह उह' करू लागला की छातीत दुखते आहे हे कळते, ती तबई, म्हणजे स्वभावाने आलेली. आणि 'जैद' म्हटले की जैद नावाचा माणूस समजतो, ती वजई, म्हणजे माणसांनी ठरवलेली. शेवटचा प्रकार हाच सोस्यूरचा विषय. सोस्यूरचा समकालीन अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९ ते १९१४) याने खुणांचे जे तीन वर्ग केले, त्यांतील दोन ढोबळमानाने याच वाटेने जातात. त्याने आणखी एक महत्त्वाचे केले. खूण आणि तिचा बोध यांच्याबरोबर प्रत्यक्ष वस्तूलाही हिशेबात घेतले. सोस्यूरच्या दुपदरी खुणेत वस्तूला जागा नाही. यंत्राच्या बाबतीत हा फरक पुढे फार महागात पडतो.

एक सावधगिरीची सूचना. आमच्या पूर्वजांनी सगळे आधीच शोधले होते, आता संगणकवाले फक्त नक्कल करीत आहेत, असे म्हणण्याची सवय आपल्या देशात सर्वच समाजांना आहे. दलालतचा पाठ लिहिणाऱ्या आलिमांनी संगणकाची कल्पना केली नव्हती. परंतु ज्या प्रश्नावर आज मोठमोठ्या प्रयोगशाळा खर्च करीत आहेत, तो प्रश्न त्यांनी नीट मांडला होता, आणि ज्याने तो पाठ समजून घेतला आहे त्याला या नव्या शास्त्राची भीती वाटण्याचे कारण नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता यंत्राकडे वळू. चिन्हाचा सिद्धांत जसाच्या तसा संगणकात उतरवण्याचा एक प्रयत्न खरोखरच झाला. १९८० नंतरच्या दशकात कार्ल पोलार्ड आणि आयव्हन सॅग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी एक व्याकरणपद्धती तयार केली. १९८७ आणि १९९४ साली त्यांची पुस्तके निघाली. तीत प्रत्येक शब्दालाच नव्हे, प्रत्येक वाक्यांशालाही 'चिन्ह' असेच म्हणतात. चिन्ह म्हणजे एक भरलेला फॉर्म. एका रकान्यात उच्चार, दुसऱ्यात व्याकरण, तिसऱ्यात अर्थ. दोन चिन्हे जोडायची म्हणजे दोन फॉर्म एकमेकांवर ठेवायचे. एकाही रकान्यात विरोध आला नाही तर दोहोंचा मिळून एक मोठा फॉर्म तयार होतो, विरोध आला की जोड नाकारली जाते.

आपला 'आयत' घ्या. यंत्राजवळ दोन फॉर्म आहेत. पहिला: आयत, पुल्लिंगी, अर्थ चार काटकोनांची आकृती. दुसरा: आयत, स्त्रीलिंगी, अर्थ कुरआन शरीफातील आयत. आता वाक्य आले, "मुलाने आयत काढला." काढला हे क्रियापद पुल्लिंगी कर्म मागते. दुसरा फॉर्म त्यावर बसत नाही, पहिला बसतो. "मुलाने आयत म्हटली" यात नेमके उलट. मराठीच्या लिंगव्यवस्थेला पोरे कंटाळतात, परीक्षेत गुण घालवतात, पण यंत्रावर तिचे उपकार आहेत. इंग्रजीजवळ असा आधार नाही. मात्र "मुलांना आयत शिकवा" असे वाक्य आले की आपलाही आधार सुटतो. दोन्ही फॉर्म बसतात. मुले कोणती, शिकवणारा कोण, हे कळल्याखेरीज निर्णय होत नाही आणि ते कोणत्याच रकान्यात लिहिलेले नसते.

या पद्धतीचे इंग्रजी व्याकरण जर्मनीतील 'फर्बमोबिल' या प्रकल्पात वापरले गेले. १९९३ ते २००० अशी तो चालला. जर्मन, इंग्रज व जपानी माणसांनी आपापल्या भाषेत बोलून भेटीची वेळ आणि प्रवासाचा बेत ठरवावा, आणि यंत्राने मध्ये भाषांतर करावे, असा तो उद्योग होता. त्याला चांगले यश आले. पण जग किती लहान ठेवले होते ते पाहा. वार, तारखा, वेळा, गाड्या, हॉटेले. त्याआधी १९७०च्या सुमारास टेरी विनोग्राड याने अमेरिकेत केलेल्या कार्यक्रमाचे जग तर आणखी लहान होते. पडद्यावरच्या टेबलावर काही ठोकळे, आणि "लाल ठोकळा उचल" यासारख्या आज्ञा. त्या ठोकळ्यांच्या जगात यंत्र चोख वागे. जग मोठे केले की फॉर्म लिहिणाऱ्या माणसांची दमछाक होते. मराठीत तर 'घर' या एका शब्दाची घरा, घराला, घरातला, घरातल्यांनीसुद्धा अशी लांबच लांब वरात निघते. मुंबईच्या आयआयटीमध्ये हिंदीबरोबर मराठीचेही शब्दजाल तयार झाले आहे. एका अर्थाचे शब्द एका गटात, आणि गटागटांतील नाती नोंदलेली, असे ते काम आहे. ते किती चिकाटीचे असते हे करणाऱ्यालाच ठाऊक.

फॉर्म लिहिताना शेजारच्या भाषा कशा पायात येतात हे आपल्यासारख्या घरांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे आजी उर्दूमिश्रित बोलते, बाप मराठीत व्यवहार करतो, नातवंडे हिंदी सिनेमा पाहतात. शब्द तोच, पण पाटी बदलली की अर्थ बदलतो. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत ते पोराच्या पाठीवर असते. हिंदीत डबा खाली असतो म्हणजे रिकामा, मराठीत तो खाली असतो म्हणजे माळ्यावर नसतो. आणि शिक्षणसंस्थेच्या या व्यासपीठावरून सांगायलाच हवे की, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी! पूर्वी या दोहोंत फार अंतर नव्हते ही गोष्ट वेगळी.

हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नाही. 'राजीनामा' हा शब्द पाहा. उर्दू-हिंदीच्या कोर्टातील भाषेत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी राजी होऊन केलेली तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. भावाभावांतील जमिनीच्या वादात कोणी उत्तरेकडच्या नातेवाइकाचा कागद यंत्राकडून मराठीत करून घेतला आणि यंत्राने राजीनामा तसाच ठेवला, तर वाचणारा भलतेच समजेल. सोस्यूर म्हणाला होता ते हेच. शब्दाची किंमत त्याच्या भाषेतील शेजाऱ्यांमुळे ठरते. मराठीत तडजोडीला तडजोड हा शब्द आहे, म्हणून राजीनामा दुसरीकडे सरकला. हिंदीत नोकरी सोडायला इस्तीफा आहे, म्हणून तेथे तो जागेवर राहिला.

फॉर्म लिहिण्याची वाट अशी अवघड, म्हणून गेल्या काही दशकांत दुसरी वाट रुळली, ती मोजण्याची. या वाटेचा उगम बराच जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने गुप्त लिपीतील पत्रे उलगडण्यावर एक रिसाला लिहिला. पत्रात कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजा, त्या भाषेच्या साध्या मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा, आणि दोन्ही यादी शेजारी ठेवा. अर्थ माहीत नसताना केवळ मोजणीने लिपी उलगडते. आज उपलब्ध असलेल्या माहितीप्रमाणे या युक्तीचे हे सर्वांत जुने लेखी वर्णन होय. आजची यंत्रे अक्षरांच्या जागी शब्द आणि पत्राच्या जागी अवघी ग्रंथालये घेतात. २०१३ साली गूगलमधील संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, तीत प्रत्येक शब्दाला काही शे आकड्यांची एक यादी मिळते. सुमारे दहा हजार कोटी शब्दांच्या बातम्या वाचून, म्हणजे मोजून, त्यांनी तीस लाख शब्द व शब्दसमूहांना प्रत्येकी तीनशे आकडे दिले. ज्या शब्दांची शेजारमंडळी सारखी त्यांचे आकडे जवळजवळ. मराठी मजकुरावर हेच केले तर दफ्तर हे वही आणि शाळेच्या जवळ यायला हवे, उर्दू मजकुरावर केले तर बाबू आणि नोकरीच्या जवळ.

या पद्धतीत एका रूपाला एकच यादी मिळत असे. म्हणजे दोन्ही आयतांची खिचडी. २०१७ साली जी रचना आली, तीत हा दोष गेला. तीत शब्दाची यादी वाक्यागणिक बदलते, कारण वाक्यातील प्रत्येक शब्द इतर शब्दांकडे 'पाहून' आपली यादी सुधारून घेतो. लांबी, रुंदी, कोन शेजारी असले की आयत एकीकडे झुकतो, सूरा, तिलावत, उस्ताद शेजारी असले की दुसरीकडे झुकते. "मुलांना आयत शिकवा" हे वाक्यही मागचापुढचा परिच्छेद दिला तर सुटते. २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आलेले आणि आज मुलांच्या मोबाइलमध्ये असलेले गप्पा मारणारे यंत्र याच घराण्यातील. येथे अब्दुल काहिर जुर्जानी यांची आठवण होते. १०७८ साली वारलेल्या या व्याकरणकाराने 'दलाइलुल इजाज' या ग्रंथात, सौंदर्य आणि अर्थ सुट्या शब्दांत नसून त्यांच्या परस्परांतील जुळणीत, नज्ममध्ये आहे, असे मोठ्या आग्रहाने मांडले. मघाशी दिलेली सावधगिरीची सूचना मला स्वतःलाही लागू आहे, म्हणून एवढे बोलून पुढे जातो.

मग यंत्राला भाषा समजली का? माझ्या मते सोस्यूरच्या खुणेचा एक पदर यंत्राने असा काही आत्मसात केला आहे की आपण थक्क व्हावे. शब्दाशब्दांतील शेजार, म्हणजे मोहऱ्यांच्या चाली, त्याला पुरत्या येतात. "पेटीत गोधडी मावेना, कारण ती मोठी होती" आणि "पेटीत गोधडी मावेना, कारण ती लहान होती" या दोन वाक्यांत 'ती' कोण, हा प्रश्न २०१२ साली यंत्राची समज तपासण्यासाठी मुद्दाम सुचवण्यात आलेल्या जातीचा आहे. २०१९ नंतरची मोठी यंत्रे असे बहुतेक प्रश्न सोडवतात. यंत्रे काहीच समजत नाहीत असे आता सरसकट म्हणता येत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांना मी फारसा मान देत नाही.

परंतु पर्सने जी तिसरी बाजू सांगितली, प्रत्यक्ष वस्तूची, ती केवळ मजकूर वाचून कोठून येणार? स्टीव्हन हार्नाड याने १९९० साली एक कल्पना मांडली. ज्याला चिनी येत नाही अशा माणसाला चिनीचा चिनी भाषेतीलच कोश द्या. तो एका शब्दाचा अर्थ पाहायला जातो, तेथे चार शब्द सापडतात, ते पाहायला जातो तर आणखी सोळा. जन्मभर पाने उलटील, पण कोशाबाहेर पडणार नाही. यंत्राचेही तसेच आहे असे काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात की, पाने पुरेशी उलटली तर जगाचा नकाशा आपोआप मनात उमटतो. हा वाद मिटलेला नाही. चित्रे आणि आवाज यांवर शिकलेल्या नव्या यंत्रांनी तो आणखी गुंतागुंतीचा केला आहे.

मला स्वतःला एका जुन्या उदाहरणाने या वादापेक्षा अधिक अस्वस्थ केले. दलालतच्या पाठात आणखी एक शब्द येतो, 'दैज'. तो काय आहे? काहीच नाही. जैद उलटा लिहिला आहे. उदाहरण असे: भिंतीपलीकडून 'दैज' असा आवाज आला. शब्द निरर्थक आहे. तरीही त्यावरून एक गोष्ट निश्चित कळते, की भिंतीपलीकडे बोलणारा कोणी आहे. ही शब्दाचीच दलालत, पण अकली, धूर आणि विस्तवासारखी पक्की. शेकडो वर्षे विद्यार्थ्यांनी ते पाठ केले आणि कोणालाही शंका आली नाही. आज नेमके उलट घडले आहे. पडद्यापलीकडून येणारा शब्द पूर्ण अर्थाचा, शुद्ध, अदबशीर. आणि पलीकडे बोलणारा कोणी नाही! शब्दावरून अर्थ कळतो, पण बोलणारा आहे हे कळत नाही. धूर आहे, विस्तव नाही. पालकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. मुलाने यंत्राला विचारले की वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा वाटा किती, आणि यंत्राने गोड भाषेत उत्तर दिले, तर त्या उत्तराची जबाबदारी घेणारा कोणी माणूस त्यामागे नसतो. काझी साहेब चुकले तर आपण त्यांच्या दारात जाऊन भांडू शकतो.

आता नावांविषयी. या सभागृहातील निम्म्या पालकांना हा अनुभव असेल. गेल्या वर्षी एका हुशार मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव महंमद, दुसऱ्या कागदावर मोहम्मद, आणि तिसऱ्यावर इंग्रजीत चारच अक्षरे, एम-ओ-एच-डी. कचेरीतील यंत्राने सांगितले, जुळत नाही. खिडकीवरच्या माणसाने यंत्राचेच म्हणणे पुन्हा सांगितले. वडील तीन दिवसांची मजुरी बुडवून फिरले, प्रतिज्ञापत्र केले, तेव्हा अर्ज पुढे सरकला. तीन चिन्हके, आणि बाप एकच! यंत्राने चिन्हके ताडून पाहिली, कारण बापाला ताडून पाहण्याची त्याला सोयच नाही.

सारख्या उच्चाराची नावे ओळखणारी एक युक्ती अमेरिकेत १९१८ सालीच पेटंट झाली होती. तिला साउंडेक्स म्हणतात. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना ठरावीक आकडे द्यायचे. मी आपली नावे तीत घालून पाहिली. इंग्रजीत मोहम्मद लिहा, मुहम्मद लिहा, दोन्हींचा संकेत एम ५३० येतो. पण एम-ओ-एच-डी आणि नुसते एम-डी यांचा येतो एम ३००. म्हणजे ती युक्ती करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नावे होती, आपला संक्षेप नव्हता. तसेच 'अब्दुल रहमान'चे. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात यंत्र अब्दुल घालते आणि रहमानला वडील किंवा आडनाव करून टाकते. अब्दुल हे नावच नव्हे. '...चा बंदा' एवढाच त्याचा अर्थ, वाक्य अर्ध्यावर तोडल्यासारखा. दोन पदांचे मिळून ते एक चिन्ह आहे. हे यंत्राला सांगणारा कोणी त्या खोलीत बसलेला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. तोपर्यंत पालकांनी जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग पडले तेच पुढे प्रत्येक कागदावर ठेवावे, आणि जन्मदाखला करताना घाई करू नये.

काही पालक विचारतात, मुलाला संगणकाकडे घालू की भाषेकडे? या कामाला दोन्ही लागतात. हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये संगणकशास्त्र व भाषाशास्त्र एकत्र शिकण्याची सोय आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची भाषाशास्त्राची परंपरा जुनी. तेथे काम केलेले डॉ. अशोक केळकर यांनी खुणांच्या शास्त्रावर मराठीतच लिहिले आहे. त्यांच्या 'रुजुवात' या ग्रंथाला २०१० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. भाषा घेतली म्हणजे पोट भरणार नाही, ही समजूत आता जुनी झाली.

शेवटी एक काम मागतो. ही यंत्रे लिहिलेल्या मजकुरावर शिकतात. जे लिहिलेच गेले नाही ते त्यांच्या लेखी नाही. आपल्या कोकणपट्टीतील बोलणे फारसे कोणी लिहीत नाही. मी एका भाषांतर करणाऱ्या यंत्राला वाक्य दिले, "आज भांग आहे, मासळी कमी मिळेल." त्याने भांग म्हणजे नशेची वनस्पती असे समजून मच्छीमारांना व्यसनी ठरवले. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा केसांचा भांग काढला. उधाणाच्या उलट, जेव्हा भरतीला जोर नसतो ते दिवस, हे त्याच्या गावीही नव्हते. त्याला दोष देत नाही. त्याने वाचलेल्या पानांत खाडी नव्हती.

म्हणून संस्थेच्या वाचनालयात मी कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा ठेवला आहे. आठवीच्या पुढच्या मुलामुलींनी सुट्टीत घरी न्यावीत. एका कार्डावर एकच शब्द. खाली तो शब्द घरातील वडीलधाऱ्या माणसाने जसा वापरला तसे पूर्ण वाक्य, सुधारून शुद्ध न करता. कोण बोलले, कोणत्या कामात असताना बोलले, तेथे समोर काय होते. वस्तू असेल तर तिचे चित्र. दुसऱ्या मराठी शब्दात अर्थ लिहिला नाही तरी चालेल, समोर काय होते ते मात्र हवेच. स्वयंपाकघरातील, जाळ्यातील, शेतातील, लग्नातील, कोणताही शब्द चालेल. पहिले कार्ड मी स्वतः लिहिले आहे, 'भांग'. वाक्यही लिहिले आहे. पण समोर काय होते तो रकाना कोरा आहे, कारण मी खाडीत कधी जाळे टाकलेले नाही. ज्याच्या वडिलांनी टाकले असेल त्याने तो भरावा.

खुदा हाफिज.